हवालदाराचं लिलावातलं घर

जयसिंग शेडगे आमच्या गावचा. नीरेच्या काठाला आमचं गाव. आसपासच्या गावांना नदीनं ऊस दिला, आम्हाला तिनं पोहणारी पोरं दिली, आणि पोहणारी पोरं पलटणीला लागतात. घरटी एक तरी माणूस फौजेत, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

जयसिंग पूल बांधणाऱ्या पलटणीत होता. वाहत्या पाण्यावर पूल घालायचा, त्यावरून बाकीची फौज पलीकडे जाऊ द्यायची, आणि सगळे गेले की तोच पूल सुटा करून पुन्हा गाड्यांत भरायचा. अर्धं आयुष्य त्यानं हेच केलं. हवालदार होऊन बाहेर पडला तेव्हा पारावर कुणीतरी विचारलं, "काय काय बांधलंस रं एवढ्या वर्षांत?"

"लई बांधलं," जयसिंग म्हणाला. "पर जाग्यावर काहीच ठेवलं न्हाई."

लोक हसले. त्याची बायको विजयमाला तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती हसली नाही.

तिचंही तेच झालं होतं. रुरकी, जोधपूर, तेजपूर, शेवटी खडकी. जिथं बदली तिथं चूल मांडायची, आणि चूल अंगवळणी पडली की उचलायची. फौजेत क्वार्टर सोडण्याची एक रीत असते, तिला 'मार्चिंग आउट' म्हणतात. जाणारं कुटुंब आत, येणारं कुटुंब दारात, आणि मध्ये एक बाबू. पंखा आहे, नळ आहे, काच फुटलेली नाही, करा सही. बाबूचं काम तेवढ्यात संपायचं. बायकांचं त्यानंतर सुरू व्हायचं. विजयमाला चहाचं आधण ठेवून बसलेली असायची. येणारी पंजाबची असो नाहीतर तामिळनाडूची, भाषा कळो न कळो, तिचा हात धरून ती तिला घरभर फिरवायची. ह्या नळाला उलटा पीळ द्यायचा. ह्या कोपऱ्यात मुंग्या निघतात, हळद टाकायची. मग स्वतः उंबऱ्याबाहेर यायची आणि त्या बाईला आत उभी करून म्हणायची, "आता तुझं." पुढच्या गावी तिलाही कुणीतरी असंच हात धरून आत घ्यायचं. आयुष्यात तिनं इतकी घरं बदलली, पण त्यातलं एकही मुक्यानं घेतलं नाही आणि मुक्यानं सोडलं नाही.

गावचं घर थोरल्या भावाकडे गेलं. दोन खणांचं घर, भावाची मुलं मोठी झालेली. तिथं भांडून वाटा मागणं जयसिंगच्या स्वभावात नव्हतं. तो पुण्याला आला आणि कर्वेनगरातल्या एका कॉलेजच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला. एकुलत्या मुलीचं लग्न करून दिलं, ती फलटणला नांदायला गेली. नवरा-बायको भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. अकरा महिन्यांचा करार संपला, की सामान टेम्पोत. पुण्याचे घरमालक तोंडानं फार गोड नसतात, पण खोटंही बोलत नाहीत. एकदा विजयमालानं देवाची तसबीर लावायला खिळा मारला, तर मालक दारात येऊन शांतपणे म्हणाले, "शेडगेबाई, खिळा जरूर मारा. फक्त त्याआधी भिंत विकत घ्या."

त्या दिवसापासून जयसिंगच्या डोक्यात भिंत शिरली.

माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या कचेरीत दिगंबर नावाचा एक कारकून होता, तोही जुना फौजीच. त्यानं सांगितलं, "अहो हवालदार, ज्या बँकेत पेन्शन येते तिथंच विचारा. आपल्यासारख्यांना घरासाठी वेगळं कर्ज असतं, व्याज थोडं उतरून, आणि पंच्याहत्तरीपर्यंत फेडायची मुभा. बाजारभावानं तुम्हाला पुण्यात गॅलरीसुद्धा मिळणार नाही. पण लिलावातलं बघा. कर्ज थकलेली घरं बँका लिलावात काढतात, ती बाजारापेक्षा स्वस्त जातात."

जयसिंग पेन्शनच्या बँकेत गेला. कर्जाच्या टेबलावर अनंत करंदीकर नावाचे अधिकारी होते, चष्म्यावरून बघणारे.

"पेन्शनर, लिलावातलं घर, आणि बोली लागल्यावर पंधरा दिवसांत सगळे पैसे भरायची अट," करंदीकर म्हणाले. "हवालदारसाहेब, ह्यातली एक गोष्ट घेऊन लोक येतात तेव्हाही आम्ही पाणी पितो. तुम्ही तिन्ही घेऊन आलात."

"जमनार न्हाई का साहेब?"

"न जमायला काय झालं? मी फक्त पाणी पितोय. हप्ते पंच्याहत्तरीपर्यंत चालतील बरं का. तोवर जगावं लागेल."

"हुकूम असंल तर जगतो."

करंदीकर पहिल्यांदा हसले. त्यांनी कागद काढले आणि एक गोष्ट नीट समजावून सांगितली. नवऱ्याच्या माघारी पेन्शन बायकोकडे जाते, म्हणून ह्या कर्जावर बायकोची सही लागतेच. ती नसेल तर कर्ज नाही. आणि बोली जिंकून पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत, तर आधी भरलेली चौथाई रक्कम बुडाली.

"सहीचं काय अवघड," जयसिंग म्हणाला. "घर तिलाच पायजे."

कात्रजला, दुधाच्या डेअरीच्या मागच्या अंगाला, एका साध्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा दुसऱ्या एका बँकेनं लिलावात काढली होती. बँकेच्या माणसानं कुलूप उघडून जयसिंगला ती दाखवली. आत काही नव्हतं. भिंतींवर कपाटांचे फिकट चौकोन, आणि मागच्या खिडकीतून कात्रजचा डोंगर. जयसिंग त्या खिडकीशी थांबला आणि त्याला ती जागा आवडली. आधी इथं कोण राहत होतं, हे त्यानं विचारलं नाही. बायकोला म्हणाला, "बँकेचं घर हाय. बँक विकतीय." ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं.

लिलाव म्हणजे आमच्या गावात मोठा सोहळा. जत्रा सरली की देवीची लुगडी मंदिरापुढं लिलावात निघतात. पाटील लुगडं उंच धरतात, पोरं शिट्ट्या मारतात, आणि बोली चढली की हलगी वाजते. जयसिंगला वाटलं, बँकेचं थोडं सभ्य असेल, पण असंच असेल. प्रत्यक्षात तो सगळा कारभार संगणकावर. कर्वेनगरातल्या झेरॉक्सच्या दुकानात, इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून तो स्टुलावर बसला. शेजारी एक मुलगी परीक्षेचा फॉर्म भरत होती. पडद्यावर आकडा होता. समोरचा कोण, दिसत नाही. आकडा हलला की समजायचं, कुणीतरी कुठंतरी बोललं. दुकानदार म्हणाला, "काका, वाढवायचं तर इथं दाबा." जयसिंगनं दाबलं आणि सवयीनं आकडा मोठ्यानं ओरडला. मुलगी दचकली.

"काका, त्यांना ऐकू जात नाही," दुकानदार म्हणाला.

"मला जातंय न्हवं," जयसिंग म्हणाला.

समोरचा दोन-तीनदा चढला, मग थांबला. घड्याळ संपलं. हलगी नाही, गुलाल नाही. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली, तेवढीच. जयसिंग उठला, पण कुणाला नमस्कार करावा ते त्याला कळेना. शेवटी त्यानं संगणकालाच केला.

निवृत्तीच्या वेळी मिळालेली सगळी ठेव मोडून त्यानं चौथाई रक्कम भरली. आता कर्जाच्या कागदांवर सह्या राहिल्या होत्या. सही करण्याआधी विजयमालाला घर दाखवावं, निदान दार तरी, म्हणून दोघं स्वारगेटला बस बदलून कात्रजला गेले. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. जिना चढताना मध्येच थांबून तिनं कठड्यावरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

दाराला बँकेचं कुलूप होतं. ती दारासमोर उभी राहिली आणि नुसतं बघत राहिली. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. आतून एक म्हातारी बाई आली, कात्रज गावचीच, बायडाबाई. कात्रज शहरात यायच्या आधीपासून तिथं राहणारी.

"सुगराबीचं घर तुमी घेतलं व्हय?" तिनं विचारलं.

"कुनाचं?" विजयमाला म्हणाली.

"सुगराबीचं. करीम शिंप्याची बायकू. लई गुनाची बाई. बँडवाल्यांचे ते कोट शिवायची दोघं, जरीचे, सोनेरी गुंड्यांचे. लॉकडाऊनमदी लग्नं बंद, बँड बंद, मग कोट कोन शिवनार? हप्ते ऱ्हायले. बँकेची मानसं आली तवा दुपारची येळ हुती. त्यांनी सामान काढलं आन्‌ सील ठोकलं. तिनं डाळ चुलीवर ठिवली हुती. ती डाळ तशीच उचलून माझ्या घरात आनून ठिवली आन्‌ निघून गेली. पातेलं अजून माझ्याकडंच हाय."

विजयमालानं नवऱ्याकडे बघितलं. जयसिंग बुटांकडे बघत होता.

खोलीवर आल्यावर विजयमालानं लुगडं बदललं, पदर खोचला, आणि मग म्हणाली, "तुम्ही मला सांगितलं, बँकेचं घर."

"बँकच विकतीय की."

"बँक डाळ शिजवत नव्हती तिथं."

"अगं, आपन न्हाई घेतलं तर दुसरा कुनीतरी घेनार. तिचं घर तर गेलंच हाय."

"मला कळतं ते." ती भिंतीला टेकून बसली. "तिचं घर हाय म्हनून मी जायची न्हाई, असं मी म्हनत न्हाई. पर इतक्या क्वार्टरी बदलल्या मी. कुठल्या बाईला मी न सांगता घर दिलं? कुठल्या बाईनं मला मुक्यानं दिलं? तिनं एकदा उंबऱ्यातनं मला 'ये' म्हनलं पायजे. एवढंच. ते होईस्तोवर मी सही करायची न्हाई."

"माले, सगळी ठेव बुडंल."

"बुडू द्या. आपल्याला घर नसायची सवय हाय."

हे ती रागानं बोलली असती तर जयसिंग भांडला असता. पण ती हळू बोलली, आणि बोलताना तिचा हात मागच्या भिंतीवर होता. त्या परक्या भिंतीवर, जिला खिळा मारायचा नव्हता. जयसिंगला माहीत होतं, ह्या बाईनं आजवर त्याच्याजवळ काही मागितलं नाही. आता मागितलं ते असं, जे कुठल्याही दुकानात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी बायडाबाईकडून पत्ता घेऊन तो स्वारगेटजवळच्या घोरपडे पेठेत गेला. गल्लीच्या टोकाला तळमजल्याची एक खोली, दारातच शिलाईची मशीन, मशीनवर वाकलेला एक बारीक माणूस. शाळेची दप्तरं शिवत होता. जयसिंगनं नाव सांगितलं, आणि कशासाठी आलो तेही सरळ सांगून टाकलं. त्याला फिरवून बोलता येत नसे.

करीमनं पाय थांबवला. मशीन थांबली.

"लिलावात घेतलं ना आपण?"

"हो."

"मग चावी बँकेकडून घ्या. आमची सही लागत नाही आता."

"सही नको करीमभाई. माझ्या बायकोचं म्हनणं..."

"ऐकलं मी." करीमनं दप्तराचा पट्टा ताणून बघितला. "हवालदारसाहेब, तुम्ही फौजी माणूस. किल्ला घेतला, झेंडा लावला, ठीक आहे. आता हरलेल्यांनी येऊन तोरणपण बांधायचं का?"

जयसिंग सावधान उभा राहिल्यासारखा तिथंच उभा राहिला. आतल्या पडद्यामागून बाईचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, घर चांगलं आहे. सुखानं राहा. पण मी यायची नाही. मला ते परत बघवणार नाही."

"ऐकलंत?" करीम म्हणाला, आणि मग आवाज थोडा उतरवून, "पाणी घ्या. उन्हातून आलात."

जयसिंग पाणी प्याला आणि परत आला. घरी येऊन त्यानं जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द कमी-जास्त न करता. विजयमालानं ऐकून घेतलं. "तुम्ही तिला बोलावणं घेऊन गेलात," ती म्हणाली. "मी बोलवायला जात न्हाई. मी नुसती जाते."

ती गेली तेव्हा मुदतीतले थोडेच दिवस उरले होते. करंदीकरांचा फोन येऊन गेला होता, "शेडगे, सहीच राहिली आहे, की बाईसाहेबांना पेन सापडत नाहीये?" जयसिंग तिच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथल्या चहाच्या टपरीशी थांबला. पुढचं सारं विजयमालानं नंतर त्याला सांगितलं.

करीम बाजारात गेला होता. सुगराबी एकटीच होती, दप्तरांना बटणं लावत बसलेली. विजयमालाएवढ्याच वयाची, केस कानांजवळ पांढरे झालेले. ही कोण, ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं सतरंजी पुढं सरकवली. विजयमाला बसली. समोरची बटणं घेतली, सुई ओवली आणि तीही लावायला लागली. बराच वेळ दोघी नुसत्या बटणं लावत राहिल्या.

मग विजयमालानं विचारलं, "भाभी, तिथं पाणी कवा येतं?"

सुगराबी पटकन म्हणाली, "सकाळी. पण धार बारीक असते. टाकी भरायची तर खालचा कॉक अर्धा ठेवायचा, पूर्ण उघडला तर पहिल्या मजल्याचे सगळं पाणी घेतात. त्यांना बोलायचं नाही. बोललं की जास्तच घेतात."

"आणि धुणं?"

"धुणं मागच्या खिडकीत. पुढं ऊन येत नाही. दुपारी डोंगरावरून वारा सुटतो, चिमटे लावल्याशिवाय काही टाकू नका. माझी एक ओढणी प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीपर्यंत गेली होती. मी म्हटलं, आता मोर पांघरेल."

दोघी हसल्या. हसता हसता सुगराबीची सुई थांबली. "मागची खिडकी आहे ना," ती म्हणाली, "तिची कडी सरळ लागत नाही. आधी उचलायची, मग दाबायची, मग... ते सांगून नाही कळायचं ताई. ते हातानंच दाखवावं लागेल."

एवढं बोलून तिनं तोंडाला पदर लावला. विजयमाला उठून तिच्याजवळ जाऊन बसली. तिनं समजूत घातली नाही. रुरकीहून निघताना, जोधपूरहून निघताना, टेम्पोत बसल्यावर तिलाही असंच रडू यायचं, आणि त्या वेळी कुणी समजूत घातलेली तिला आवडायची नाही.

बऱ्याच वेळानं सुगराबी म्हणाली, "चावी मिळाली की सांगा. कडी दाखवून जाईन. तेवढंच."

विजयमालानं टपरीशी येऊन नवऱ्याला सांगितलं, "चला, कुठं करायची सही?"

करंदीकरांनी कागद पुढं सरकवले. विजयमालानं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर उभं करत. कर्ज मंजूर झालं, मुदत संपायच्या आत पैसे गेले, आणि काही दिवसांनी घराची चावी जयसिंगच्या हातात आली.

ज्या दिवशी जायचं ठरलं, त्या दिवशी नवरा-बायको सकाळीच कात्रजला पोचले. सामान आणलं नव्हतं. एक छोटी गॅसची शेगडी, एक पातेलं, दूध, साखर-चहा, एवढंच पिशवीत. दोघं बंद दाराबाहेर उभी राहिली. बायडाबाईनं खुर्ची आणून दिली, विजयमाला बसली नाही. ऊन जिन्यात आलं, जिन्यातून वर गेलं. सुगराबी आली नाही.

"आत तरी जाऊया का?" जयसिंगनं विचारलं. "खिडकी उघडून ठिवू."

"न्हाई."

"अगं, न्हाई आली तर?"

विजयमाला उत्तर देणार तेवढ्यात खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. जयसिंगनं वाकून बघितलं. करीम स्कूटरवरच बसून होता, पाय जमिनीला टेकवून. सुगराबी एकटी वर येत होती. प्रत्येक मजल्यावर थोडी थांबत होती. वर आली तेव्हा तिला दम लागला होता, आणि तो नुसता जिन्याचा नव्हता.

जयसिंगनं चावी पुढं केली. तिनं घेतली. हात सवयीनं दाराच्या वरच्या बाजूला गेला, तिथं आता कुलूप नव्हतं. "कुलूप बदललंय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि खालचं उघडलं.

ती आत गेली. ह्या दोघांना वाटलं, ती लगेच वळेल. पण ती आतच गेली, ह्या खोलीतून त्या खोलीत. तिच्या चपलांचा आवाज रिकाम्या घरात मोठा वाटत होता. एकदा आवाज थांबला, खूप वेळ. जयसिंग पुढं व्हायला लागला, विजयमालानं त्याचा दंड धरला. मग चपला परत वाजल्या. सुगराबी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन उभी राहिली. डोळे लाल होते, आवाज मात्र साधा होता, पाहुणीला बोलवतात तसा.

"या ताई. या ना. बाहेर का उभ्या?"

विजयमाला आत गेली. सुगराबीनं तिचा हात धरला आणि तिला मागच्या खिडकीशी नेलं. कडी उचलायची, दाबायची, आणि अंगठ्यानं थोडी डावीकडे ढकलायची. विजयमालाला दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा सुगराबीनं तिच्या हातावर हात ठेवला, आणि खिडकी उघडली. डोंगर आत आल्यासारखा वाटला.

मग विजयमालानं शेगडी पेटवली, पातेलं ठेवलं, दूध ओतलं. "आमच्यात नव्या घरात पयल्यांदा दूध उतू घालवत्यात," ती म्हणाली. "भरभराट व्हावी म्हनून. तुमच्यात?"

"आम्ही फातेहा पढतो, मग खीर करून वाटतो."

"मग दूध तर दोन्हीकडं लागतंच. तुमीच बघा भाभी दुधाकडं. ह्या वट्यावर तुमचाच हात पयला."

सुगराबी ओट्याशी उभी राहिली. जयसिंग दारातून बघत होता. दूध गरम झालं, कडेनं बुडबुडे आले, साय वर चढायला लागली. काठाशी आली. आणि आता ते सांडणार, एवढ्यात सुगराबीचा हात झपकन पुढं गेला आणि तिनं शेगडी बंद केली.

मग तिनं कपाळावर हात मारला. "या अल्लाह! सवय हो ताई, सवय. इतकी वर्षं ह्याच ओट्यावर दूध सांडू दिलं नाही मी!"

विजयमाला खाली बसून हसायला लागली. समोरून बायडाबाई काय झालं म्हणून धावत आली, आणि तीही हसायला लागली. सुगराबी पदरानं डोळे पुसत होती, हसण्यानं आलेले, आणि आणखीही कशानं तरी.

"राहू द्या," विजयमाला म्हणाली. "ह्या दुधाचा चहा करू. आधी खाली त्यांना द्या, उन्हात बसल्यात."

जयसिंग बायडाबाईकडचे दोन कप भरून खाली गेला. करीम स्कूटरवरून उतरला नव्हता. त्यानं कप घेतला, वर तिसऱ्या मजल्याच्या उघड्या खिडकीकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला.

"हसण्याचा आवाज येतोय," तो म्हणाला.

"तुमच्या बाईनं दूध उतू जाऊ दिलं न्हाई," जयसिंग म्हणाला.

"ती जाऊ देईल? एकदा तिनं ताप असताना उठून गॅस बंद केला होता." करीमनं चहाचा घोट घेतला. "साखर कमी आहे हवालदारसाहेब. किल्लेदाराच्या घरचा चहा असा नसतो."

"मग वर येऊन दम द्या की तिला. माझं ऐकत न्हाई ती."

करीमनं कप संपवला, तो स्कूटरच्या सीटवर ठेवला, पुन्हा उचलला. मग स्कूटर स्टँडवर लावली आणि जयसिंगच्या मागोमाग जिना चढायला लागला.

वर दोघी बायका ओट्याशी उभ्या होत्या. पातेल्यात नवं दूध होतं. सुगराबीनं ह्या वेळी दोन्ही हात पाठीमागे धरले होते, आणि विजयमाला तिचं मनगट घट्ट धरून म्हणत होती, "आता हलायचं न्हाई भाभी, आता अजिबात हलायचं न्हाई," आणि दूध हळूहळू काठाशी चढत होतं.